परिच्छेद नेमका कुठे अडतो?

दहावीच्या मुलाला एखाद्या कवितेवर इंग्रजीत आठ-दहा ओळी लिहिता आल्या नाहीत की नाशिकच्या घराघरांत निदान एकच होते : ‘इंग्रजी कच्चे आहे.’ उपायही ठरलेला असतो. व्याकरणाचा जादा तास, शब्दसंग्रहाची वही आणि पाठ करून ठेवायला काही भारदस्त वाक्ये. पालक हे म्हणतात, क्लासवाले म्हणतात, शिक्षकही म्हणतात आणि ऐकून ऐकून शेवटी मूलही स्वतःविषयी तेच म्हणू लागते. हे निदान तपासून पाहण्याची वेळ आली आहे. ते चुकीचे आहे असे माझे मत आहे, आणि त्यापायी विचार करू शकणारी मुले ‘आपल्याला जमत नाही’ असे मानून बसतात, म्हणून हा वाद केवळ पांडित्याचा उरत नाही.

आधी वाद कशाविषयी आहे ते ठरवू. विश्लेषणाचा परिच्छेद सारांशाहून वेगळा असतो आणि स्तुतीहूनही. त्यात तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे मत, तेही असे की त्यावर दुसरा कोणी ‘मला तसे वाटत नाही’ असे म्हणू शकेल. दुसरी गोष्ट म्हणजे त्या मताला संहितेतला आधार : एखादा शब्द, एखादी प्रतिमा, प्रसंगांचा क्रम. तिसरी सर्वांत अवघड : त्या आधारातून ते मत कसे निघते हे पायरी-पायरीने उलगडून दाखवणे. आपल्या मुलांचा परिच्छेद अडतो तो या तिसऱ्या जागी. तिथे अडण्याचे कारण इंग्रजी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वपक्ष

रूढ मताला तीन आधार दिले जातात आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आधार भाषेचा. ज्याला क्रियापदाचा काळ सांभाळता येत नाही, तो कवितेतल्या सूक्ष्म छटांवर काय बोलणार? शब्दच नसतील तर विचार मांडणार कशात? दुसरा आधार परंपरेचा. मुद्द्याला धरून सरळ रेषेत जाणारा परिच्छेद ही इंग्रजांची पद्धत आहे, आपली मांडणी गोल फिरून मुद्द्यावर येते, त्यामुळे आपल्या मुलांना ती परकी वाटणारच, असे म्हटले जाते. तिसरा आधार साच्याचा. मूल अडत असेल तर त्याला चौकट द्यावी. बोर्डाच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणासाठी शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे दिलेले असतात. इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या शाळांत ‘पील’ शिकवतात : पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लनेशन, लिंक. चौकट भरली की परिच्छेद झाला.

या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

भाषेचा आधार

एखादी गोष्ट दुसरीचे कारण आहे असे म्हणायचे तर दोन कसोट्या लावाव्या लागतात. कारण असेल तिथे कार्य दिसले पाहिजे आणि कारण नसेल तिथे कार्यही दिसता कामा नये. आपल्या शास्त्रकारांनी यांना अन्वय आणि व्यतिरेक म्हटले आहे. कच्चे इंग्रजी हे पोकळ परिच्छेदाचे कारण असेल, तर तेच मूल मराठीत लिहू लागल्यावर पोकळपणा नाहीसा झाला पाहिजे.

तो होत नाही. मराठीच्या पेपरातले रसग्रहण वाचून पाहा. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन भागांत मूल लिहिते : ‘कवीने उपमा अलंकाराचा सुंदर वापर केला आहे. त्यामुळे कविता परिणामकारक झाली आहे.’ इंग्रजीच्या वहीत तेच मूल लिहिते : ‘द पोएट हॅज यूज्ड अ सिमिली. इट मेक्स द पोएम ब्यूटिफुल.’ दोन्ही उत्तरांत अलंकाराचे नाव आहे आणि कौतुक आहे. ती उपमा तिथे काय काम करते, हे दोन्हीकडे सुटले आहे. मराठी ही त्याच्या घरातली भाषा आहे, तिच्यात त्याला शब्दांची वाण नाही, तरीही गाडी त्याच ठिकाणी थांबते.

दुसऱ्या बाजूनेही पाहा. नर्सरीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुले आपल्याच शहरात हजारो आहेत. त्यांची वाक्ये व्याकरणशुद्ध असतात, पण उदाहरण दिल्यावर तेच मत निराळ्या शब्दांत पुन्हा सांगून परिच्छेद संपवायचा, हा दोष त्यांच्याही वहीत दिसतो. म्हणजे मराठी पक्के असूनही दोष आहे आणि इंग्रजी पक्के असूनही दोष आहे. मग तो भाषेच्या माथी कसा मारणार? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून होते. इंग्रजीची वर्षे वाढली, आणि परिच्छेदाविषयीची तक्रार जिथल्या तिथे राहिली.

या आधारात सत्याचा अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. काही भाषिक साधनांशिवाय युक्तिवाद करताच येत नाही. ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘देअरफोर’ हे जोडणारे शब्द आणि ‘शोज’, ‘सजेस्ट्स’ यांसारखी क्रियापदे मुलाच्या हाताशी हवीतच. पण ही यादी एका पानात मावते. तिच्यासाठी पाठांतराची वर्षे लागत नाहीत.

किती साधे इंग्रजी पुरते हे एका उदाहरणाने दाखवतो. कुसुमाग्रजांची ‘कणा’ नाशिकच्या मुलांना नवी नाही. पुरात घर गेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो, झालेले नुकसान सांगतो, सरांचा हात खिशाकडे जाताच पैसे नाकारतो आणि पाठीवर हात मागतो. बहुतेक उत्तरे इथेच संपतात : ‘या कवितेतून जिद्दीचा संदेश मिळतो.’ हे मत खोटे नाही, पण त्यावर कोणी वाद घालणार नाही, म्हणून त्यात सिद्ध करण्यासारखेही काही उरत नाही.

आता कवितेतली नदी पाहू. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पूर किती चढला हे दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरवतो. पूर काय करतो, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. एवढा विध्वंस करणाऱ्या नदीला कवितेतला माणूस शत्रू म्हणत नाही. ती त्याच्या बोलण्यात पाहुणी होऊन येते, माहेरी आलेल्या लेकीसारखी घरात वावरते, आणि अशा लेकीला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, या न्यायाने घरातले सारे घेऊन जाते. यावरून काय निघते? हा माणूस आपत्तिग्रस्ताच्या आवाजात बोलतच नाही, तो यजमानाच्या आवाजात बोलतो. यजमान देणारा असतो, मागणारा नसतो. म्हणून पैशांचा नकार शेवटी अचानक येत नाही, तो पहिल्याच उपमेत ठरून गेलेला आहे. आता त्या उपमेला ‘सुंदर’ म्हणण्याची गरज उरली नाही. ती काय करते ते कळले.

हेच इंग्रजीत लिहायला किती इंग्रजी लागेल? ‘द मॅन हॅज लॉस्ट हिज हाउस, बट ही डज नॉट टॉक लाइक अ व्हिक्टिम. ही टॉक्स लाइक अ होस्ट. ही कॉल्स द रिव्हर अ गेस्ट अँड अ डॉटर. अ होस्ट गिव्ह्ज, ही डज नॉट आस्क. सो व्हेन सर्स हँड गोज टु हिज पॉकेट, ही हॅज टु रिफ्यूज.’ सातवी-आठवीच्या मुलाला न येणारा शब्द यात क्वचितच सापडेल. वाक्ये आखूड आहेत, भाषा साधी आहे, तरीही हा विश्लेषणाचा परिच्छेद आहे. त्यात मत आहे, आधार आहे आणि आधारापासून मतापर्यंतची वाट दाखवलेली आहे. भारदस्त शब्दांची उणीव इथे कुणाला जाणवणार नाही.

परंपरेचा आधार

दुसऱ्या मताला विद्वानांचे पाठबळही मिळाले आहे. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषाभ्यासकाने १९६६ साली एक लेख लिहिला. परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून त्याने वेगवेगळ्या भाषकांच्या विचाराच्या आकृत्याच काढल्या. इंग्रजीची सरळ रेषा, पौर्वात्यांचे वेटोळे. हा लेख जगभर गाजला. पण त्यातली उणीव उघड आहे. ते विद्यार्थी स्वतःच्या भाषेत कसे लिहितात हे त्यात पाहिलेच गेले नव्हते. दुसऱ्या भाषेत चाचपडत लिहिलेल्या निबंधावरून पहिल्या भाषेच्या विचारपद्धतीचा निकाल देणे हे अनुमान सदोष आहे. पुढे कॅप्लननेही आपल्या मांडणीतला ताठरपणा सैल केला. आपल्याकडे मात्र ती समजूत अजून टिकून आहे.

इंग्रजी परिच्छेदाचे शास्त्रही समजले जाते तितके पुरातन नाही. एका परिच्छेदात एकच विषय हवा, तो आरंभी कळला पाहिजे आणि प्रत्येक वाक्य त्याच्याशी बांधलेले असले पाहिजे, हे नियम पद्धतशीर मांडले अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर बेन या प्राध्यापकाने, १८६६ साली.

आपल्याकडचे पाहा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. एकशे चौदा दृष्टान्तांच्या या ग्रंथाची घडण तीन अंगांची आहे. आधी सूत्र, म्हणजे सिद्धान्त. मग दृष्टान्त, म्हणजे व्यवहारातले उदाहरण. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या उदाहरणाचा सूत्राशी कसा मेळ बसतो याचे विवरण. आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट सांगून केसोबास थांबत नाहीत. ती कशासाठी सांगितली आणि मूळ विधानाला कशी लागू पडते, हे ते वाचकापुढे ठेवतात. मराठी गद्याच्या पहाटेच हे तिसरे अंग अनिवार्य मानले गेले होते. आजच्या मुलाच्या उत्तरातून गळते ते नेमके हेच अंग. न्यायदर्शनाच्या पाच अवयवांच्या वाक्यातही तेच दिसते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. उदाहरणातून थेट निष्कर्षावर उडी घेण्याची मुभा तिथे नाही, मध्ये उपनय लागतो. उदाहरणातला नियम या प्रस्तुत गोष्टीला कसा लागू होतो ते तिथे सांगावेच लागते. विसाव्या शतकात स्टीफन टूलमिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८ साली ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’मध्ये दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या दुव्याचा प्रश्न पुन्हा केंद्रस्थानी आणला. तेव्हा ही पद्धत आपल्याला परकी आहे, असे म्हणण्याला आधार राहत नाही.

परंपरा ग्रंथांतच राहिली, मराठी माणसाने इंग्रजीत ती कधी उतरवली, असे कोणी विचारील. उत्तर नाशिक जिल्ह्यातूनच देता येते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडचा, शिक्षण कोल्हापुरात आणि मग मुंबईत. १९०० साली त्यांचे ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हे इंग्रजी पुस्तक आले. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात मराठ्यांचा उदय सह्याद्रीतल्या वणव्यासारखा, जणू योगायोगाने पेटलेला रंगवला होता. रानड्यांनी त्या उपमेलाच हात घातला. वणवा आपोआप पेटतो आणि विझतो. इथे तर शिवाजी महाराजांनंतर, मोगलांच्या संपूर्ण बळाशी झुंजूनही सत्ता टिकली आणि वाढली. मग भूमी, लोक, ग्रामसंस्था आणि संतांची चळवळ यांत तिची कारणे शोधावी लागतात, आणि ती त्यांनी एकेक करून शोधली. प्रतिपक्षाचे म्हणणे घ्यायचे, वस्तुस्थितीशी ताडून पाहायचे आणि त्यातून वेगळा निष्कर्ष काढायचा, ही त्यांची रीत आहे.

त्याहून धारदार उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पुढच्याच वर्षी, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने संमेलन रद्द केल्यावर न झालेले भाषण त्यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः छापले. जात म्हणजे श्रमविभागणीच, हा बचाव ते त्यात कसा हाताळतात हे प्रत्येक शिक्षकाने वर्गात दाखवावे. आधी ते प्रतिपक्षाला त्याचे देणे देतात : सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते, हे मान्य. मग एक भेद करतात. जात श्रम वाटून थांबत नाही, ती श्रमिकांनाच वाटून टाकते. मग त्या भेदाचे परिणाम उलगडतात. हे वाटप चढत्या-उतरत्या क्रमाचे आहे, माणसाच्या कलाने झालेले नाही आणि धंदा बदलण्याची मुभा नाकारून ते बेकारीला कारण होते. मान्यता, भेद, परिणाम. विश्लेषणाचा याहून चांगला धडा इंग्रजीत शोधायला दूर जायला नको.

उलट दिशेचा प्रवासही याच शहरात झाला आहे. नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि एचपीटी महाविद्यालयात शिकलेल्या कुसुमाग्रजांनी, म्हणजे शिरवाडकरांनी, शेक्सपियर मराठी रंगभूमीवर आणला आणि ‘शेक्सपियरच्या शोधात’ या पुस्तकात त्याची चिकित्साही मराठीत केली. त्याच महाविद्यालयात वसंत कानेटकर इंग्रजी शिकवत होते आणि घरी मराठी नाटके लिहीत होते. विश्लेषणाची शक्ती एका भाषेत कोंडून राहत नाही, याचा पुरावा इतका जवळ आहे.

साच्याचा आधार

चौकट देणाऱ्या शिक्षकाचा हेतू शंभर टक्के चांगला असतो. कोऱ्या पानासमोर गोठलेल्या मुलाला चार रकाने मोठा आधार देतात. दार्ष्टान्तिक आणि उपनय हेही एका अर्थाने रकानेच आहेत, हे मला मान्य आहे. फरक असा की केसोबासांच्या रकान्यात काय केले पाहिजे ते सांगितले होते, आजच्या चौकटीत फक्त काय भरले पाहिजे ते सांगितले जाते. रसग्रहणाच्या मुद्द्यांत शीर्षक, कवी, यमक आणि अलंकाराचे नाव ही ओळखण्याची कामे आहेत. मध्यवर्ती कल्पना दोन-तीन ओळींत सांगायची, एवढीच विचाराची जागा, आणि तिथे पाठ केलेला सारांश लिहिला की भागते. ‘पील’मध्ये एक्स्प्लनेशनचा रकाना आहे, पण तिथे काय घडायला हवे हे मुलाला कोणी करून दाखवले नसेल, तर तो पॉइंटच दुसऱ्या शब्दांत पुन्हा लिहितो. चारही रकाने भरलेले असतात आणि युक्तिवाद झालेला नसतो.

इथे शिक्षकांचा एक न्याय्य आक्षेप येतो. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, तीन तासांचा ८० गुणांचा पेपर, मुद्द्यांप्रमाणे गुण. विचार शिकवायला वेळ कुठून आणायचा? हा ताण खरा आहे. पण ‘कणा’वरचा आधीचा इंग्रजी परिच्छेद मोजून पाहा. पाच वाक्यांचा आहे. मध्यवर्ती कल्पनेच्या दोन-तीन ओळींत त्याचा गाभा सहज बसतो. विचार केल्याने उत्तर लांबत नाही, बहुधा ते आखूडच होते. आणि दहावीनंतर रस्ता याच दिशेने जातो. महाविद्यालयात, वकिलीत, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत चौकट कोणी देत नाही. तिथे आपले म्हणणे सिद्ध करूनच दाखवावे लागते.

उत्तरपक्ष

खंडन करून थांबणे अर्धे काम आहे. मग करायचे काय?

पहिली गोष्ट, चर्चा मराठीत होऊ द्यावी. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने १९७९ साली असा सिद्धान्त मांडला की एका भाषेत कमावलेली विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेत उतरते, कारण तिचे मूळ एकच असते. कवितेतली नदी पाहुणी का, यावर वर्ग मराठीत तावातावाने भांडू दे. निष्कर्ष हाती आला की इंग्रजीत लिहायची असतात ती पाच वाक्ये. रिकाम्या हाताने इंग्रजीत शिरणाऱ्या मुलापेक्षा सांगण्यासारखे काही घेऊन शिरणारे मूल इंग्रजीही लवकर शिकते, कारण त्याला त्या शब्दाची गरज लागलेली असते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : ‘कशावरून?’ आणि ‘म्हणून काय?’ पहिला प्रश्न मताकडून आधाराकडे नेतो, दुसरा आधाराकडून मताकडे परत आणतो. ‘कवीने उपमा वापरली’ या वाक्याला ‘म्हणून काय?’ असे विचारले की ‘सुंदर’ हे उत्तर आपोआप अपुरे पडते.

तिसरी गोष्ट, आपल्या मताविरुद्ध कोणी काय म्हणेल त्याचे एक वाक्य प्रत्येक मुलाकडून लिहून घ्यावे. ज्याला विरोधच संभवत नाही, ते मत परिच्छेदाच्या लायकीचे नाही, हे मुलांना यातूनच कळते. रानडे आणि आंबेडकर दोघेही प्रतिपक्षापासूनच सुरुवात करतात.

चौथी गोष्ट, संख्या कमी करावी. गाईडमधले वीस परिच्छेद उतरवण्यापेक्षा स्वतःचा एकच परिच्छेद दोनदा लिहावा. पहिल्या वेळी शिक्षकाने व्याकरणाच्या चुकांना हात लावू नये, फक्त विवेचनाच्या जागी खूण करावी. वाट सापडली की दुसऱ्या लेखनात भाषा दुरुस्त करायला पुष्कळ वाव असतो. आज आपण उलट करतो. लाल शाईने क्रियापदे सुधारतो, आणि मूल शुद्ध व्याकरणात तीच पोकळ गोष्ट पुन्हा लिहून आणते.

इंग्रजी व्याकरण बाजूला ठेवा, असे मी म्हणत नाही. त्याचा क्रम बदला, एवढेच म्हणणे आहे. आधी मुलाला सिद्ध करण्याजोगे मत हवे, मग ते सिद्ध करण्याची रीत आणि मग ती रीत सांभाळणारी भाषा. निफाडचा, येवल्याचा, सिन्नरचा, सातपूरचा मुलगा असो वा मुलगी, यातल्या पहिल्या दोन गोष्टी आजच्या आज, त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिकता येतात. त्यांना ‘तुझे इंग्रजी कच्चे आहे’ असे सांगण्याआधी आपण त्यांना युक्तिवाद शिकवला होता का, याचे उत्तर शाळेने, पालकांनी आणि परीक्षा घेणाऱ्यांनी द्यायला हवे.